बोटीवर सात रात्री

आमच्या खाडीकाठच्या गावांत एखाद्या घरी जाऊन घरचा पुरुष कुठे आहे असे विचारले आणि ‘बोटीवर’ असे उत्तर मिळाले, की पुढे कोणी काही विचारीत नाही. कोणती बोट, कोणता समुद्र, कधी परतणार, हे सगळे त्या एका शब्दात मावते. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील मुस्लिम मोहल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजांवर गेली. कोणी खलाशी, कोणी सुकाणी, कोणी टंडेल, कोणी सारंग. माझे मरहूम अब्बा त्यांतलेच. तीस वर्षे ते बोटीवर होते. वर्षातले दीड-दोन महिने आमचे, बाकीचे समुद्राचे.

अशा घरातल्या मुलीला समुद्राची हौस नसते. म्हणून दिरांनी जेव्हा क्रूझची दोन तिकिटे माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी आधी हसले आणि मग गप्प झाले.

पुतणीच्या निकाहसाठी आम्ही दोघे २०२४ च्या डिसेंबरात न्यू जर्सीला गेलो होतो. आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून दीर आणि जाऊबाईंनी ही भेट ठरवली होती. “भाभी, आयुष्यभर शाळा केलीत, घर केलंत. आता सात दिवस काही करू नका,” असे दीर म्हणाले. कॅरिबियन समुद्र, सात रात्री, चार बेटे. आमच्या ह्यांना क्रिकेटचे वेड. वेस्ट इंडिज हे नाव ऐकताच त्यांनी बॅग भरायला घेतली.

माझ्या मोबाईलमध्ये अब्बांच्या डायरीच्या काही पानांचे फोटो आहेत. त्यांच्या इंतकालानंतर ट्रंकेत ही छोटी डायरी सापडली. उर्दूत, बारीक अक्षरात, हिशेबासारख्या नोंदी. बंदराचे नाव, भरलेला माल, किती दिवस मुक्काम, घरी किती पैसे पाठवले. त्यात एक नोंद अशी: ‘मे १९९१. ब्रिजटाउन. साखर. चार दिन. खत नहीं.’ आमच्या सफरीच्या यादीत शेवटचे बंदर ब्रिजटाउनच होते. तेवढ्यासाठी मी तयार झाले.

क्रूझ पोर्टो रिकोतल्या सान हुआनहून सुटणार होती. हे बेट अमेरिकेच्या ताब्यातले, त्यामुळे तिथे जायला वेगळा व्हिसा लागला नाही. पण पुढच्या प्रत्येक बेटाचे नियम वेगळे. जाऊबाईंनी एजंटकडून सगळे लेखी मागवून घेतले होते. कोणी जाणार असेल, तर हे काम आधी करावे. जानेवारी हा या भागातला चांगला काळ. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम असतो. सान हुआनमध्ये अर्धा दिवस मिळाला, तेव्हा समुद्रात घुसलेल्या टोकावरचा एल मोरो किल्ला पाहिला. स्पेनच्या लोकांनी १५३९ साली त्याचे काम सुरू केले. तटावर उभे राहिल्यावर ह्यांना जंजिरा आठवला, मला अंजनवेलचा गोपाळगड.

बंदरात आमची बोट पाहिली आणि मान वर करून पाहतच राहिले. बोट कसली, अख्खी सोसायटीच. अडीच हजारांच्या आसपास प्रवासी आणि हजारभर कर्मचारी. निघण्यापूर्वी सर्वांना सुरक्षेची कवायत करावी लागते. संकटकाळी भोंगा कसा वाजेल ते ऐकवतात: सात आखूड आणि एक लांब. आपापल्या जागी जाऊन उभे राहायचे, लाइफ जॅकेट कसे बांधायचे ते पाहायचे. काही प्रवासी हसत होते, फोटो काढत होते. मी मात्र शाळेतल्या मुलीसारखी लक्ष देऊन उभी होते. अब्बा सांगायचे, समुद्र कोणाची ओळख ठेवत नाही.

आमची केबिन आतल्या बाजूची होती, म्हणजे खिडकी नसलेली. तिचे भाडे कमी असते. दिवा बंद केला की दिवस की रात्र कळत नाही. पहिल्या रात्री फजरसाठी गजर लावला नसता, तर सकाळ केव्हा झाली ते समजलेच नसते.

वाचक भगिनी मला परत आल्यापासून दोनच प्रश्न विचारतात: खाल्ले काय, आणि नमाजचे काय केले? म्हणून तेही सांगते. तिकीट घेताना हलाल जेवणाची विनंती कळवली होती. बोटीवर मुख्य खानसाम्याने येऊन स्वच्छ सांगितले की मांस हलाल असल्याची खात्री तो देऊ शकत नाही. त्याचे खरे बोलणे आवडले. आम्ही सात दिवस मासे, भाज्या, भात, फळे आणि अंडी यांवर काढले, आणि मजेत काढले. सॉसमध्ये वाइन आहे का, गोड पदार्थात जिलेटिन आहे का, हे प्रत्येक वेळी विचारले. विचारण्यात लाजायचे काही नाही. वाढणाराही मनापासून सांगतो.

किब्ल्याची गंमत वेगळीच. आयुष्यभर कोकणात पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या मला इथे पूर्वेकडे, थोडे ईशान्येकडे वळावे लागले. मक्का तीच, आपण मात्र तिच्या दुसऱ्या बाजूला आलो होतो. केबिनमधल्या टीव्हीवर बोट कुठे आहे आणि कोणत्या दिशेने चालली आहे हे सतत दिसते. त्यावरून दिशा ठरवायची. प्रवासी म्हणून चार रकात फर्जच्या दोन, आणि आम्ही शाफई असल्याने जुहर-असर व मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत. दीन किती सोपा ठेवला आहे, हे प्रवासात समजते.

बोटीवर दारू आहे, जुगार आहे, रात्रीचे नाचगाणे आहे. पण कोणी कोणाला ओढत नाही. आम्हाला सातव्या मजल्यावरचा डेक आवडला. बोटीला चारी बाजूंनी वेढणारा लाकडी फळ्यांचा रस्ता. मगरिबनंतर आम्ही तिथे फेऱ्या मारायचो. वीस वर्षांत आम्ही दोघे इतके सलग कधी बोललो नव्हतो. मुलांच्या फिया, सासूबाईंचे गुडघे, घराचे हप्ते हे विषय संपल्यावरही बोलायला काही उरते, हे पाहून दोघांनाही नवल वाटले.

पहिले बेट सेंट थॉमस. हे पूर्वी डेन्मार्कचे होते. १९१७ मध्ये अमेरिकेने आसपासच्या बेटांसह ते अडीच कोटी डॉलरला विकत घेतले. गाड्या अमेरिकन, चालकाची जागा डावीकडे, आणि तरी वाहतूकही रस्त्याच्या डाव्या बाजूने. शार्लट अमाली या गावात डोंगर चढणाऱ्या जुन्या पायऱ्या आहेत. नाव ‘नव्व्याण्णव पायऱ्या’, पण मोजल्या तर एकशे तीन. आम्ही धापा टाकत मोजल्या. त्यांच्या विटा युरोपातून रिकाम्या येणाऱ्या जहाजांच्या तळाशी वजनासाठी घातलेल्या. बोट स्थिर राहावी म्हणून भरलेले ओझे पुढे गावाच्या पायऱ्या झाले. हे ऐकताना अब्बा शेजारी हवे होते असे वाटले.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रावर होता. दुपारी केबिनमध्ये परतले तर आमचा केबिनवाला चादरी बदलत होता. पंचविशी-सव्विशीचा, सडपातळ. कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यावर नावाखाली देशाचे नाव असते. त्याच्या बिल्ल्यावर ‘इंडिया’ होते, म्हणून दोन दिवस आम्ही हिंदीत बोलत होतो. त्या दिवशी त्याने कोपऱ्यात घडी घातलेली जानमाज पाहिली, सलाम केला आणि विचारले, “मॅडम, तुम्ही कुठच्या?” मी गावाचे नाव सांगताच त्याच्या हातातली उशी तशीच राहिली. त्याचे गाव दाभोळ खाडीच्या पलीकडचे. फेरीबोटीने पंधरा मिनिटांचे अंतर. तेव्हापासून मी मॅडमची खाला झाले.

त्याच्याकडून बोटीची खालची बाजू कळली. प्रवाशांच्या मजल्यांखाली कर्मचाऱ्यांचे मजले. तिथे बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब बोळ जातो. त्याला सगळे अमेरिकेतल्या मोठ्या महामार्गाचे नाव देतात, आय-नाइन्टीफाइव्ह. सामान, कपडे, कचरा, माणसे, सगळी वर्दळ तिथूनच. एका खोलीत दोघे. नऊ महिन्यांचा करार, त्यातला पाचवा चालू. रोज सकाळ-संध्याकाळ दोन वेळा अठरा केबिन आवरायच्या. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. “मिळते ना,” तो म्हणाला, “पण दोन तुकड्यांत. सलग झोप घरी गेल्यावर.”

तक्रारीचा सूर नव्हता. पगारातून गावच्या घरावर स्लॅब पडला होता. बहिणीचे लग्न झाले होते. आणि तो बोटीवर असताना त्याला मुलगी झाली होती. तीन महिन्यांची. त्याने फोनवर फोटो दाखवला.

तिसऱ्या दिवशी डॉमिनिका. या बेटावर डोंगर, पाऊस आणि नद्याच नद्या. वर्षाचे दिवस तितक्या नद्या, असे तिथले लोक म्हणतात. रोझो बंदरातून एका टॅक्सीवाल्याने आम्हाला ट्रॅफल्गर धबधब्याकडे नेले. शेजारी शेजारी कोसळणाऱ्या दोन धारा, खाली मोठाले धोंडे, गरम पाण्याचे झरे. वाटेत फणसासारखे दिसणारे नीरफणस, केळी, नारळ. ह्यांनी म्हटले, “आंबा घाटाचा रस्ता वाटतो.” टॅक्सीवाला मात्र छपरे दाखवीत होता. हे नवीन, ते नवीन, त्याचे अजून व्हायचे आहे. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया नावाचे वादळ या बेटावरून गेले. बहुतेक घरांची छपरे उडाली. आम्ही त्याला ३ जून २०२० चे निसर्ग वादळ सांगितले. आमच्या बागा, आमचे पत्रे. पत्रे उडतानाचा आवाज कसा असतो हे त्याने तोंडाने काढून दाखवले. अगदी तसाच. भाषा अर्धवट कळत होती, पण छपराचे दुःख पूर्ण कळले.

चौथ्या दिवशी सेंट लुशिया. कॅस्ट्रीज बंदरातून छोट्या बसने सुफ्रियेरकडे गेलो. समुद्रातून सरळ वर आलेले पिटन नावाचे दोन हिरवे सुळके हे या बेटाचे वैभव. २००४ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहेत. जवळच ज्वालामुखीचे कुंड आहे. करडा चिखल उकळत असतो, गंधकाचा वास नाकात बसतो. पर्यटक अंगाला चिखल फासून घेत होते. आम्ही लांबूनच पाहिले.

परतताना आमच्या चालकाने कॅस्ट्रीजच्या धक्क्याजवळ बस थांबवली आणि बंदराचा इतिहास सांगितला. कोळशावर जहाजे चालायची त्या काळी हे कोळसा भरण्याचे मोठे बंदर होते. डोक्यावर कोळशाच्या टोपल्या घेऊन बायका फळीवरून जहाजावर चढत. एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या. याच गावचे कवी डेरेक वॉलकॉट यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी आपल्या दीर्घकाव्यात या बायकांना जागा दिली आहे. वरच्या डेकवर तेव्हाही प्रवासी असतील, छत्र्या घेऊन खाली बघत.

आमचा रंग पाहून तो चालक म्हणाला की त्याच्या आजीकडचे लोक हिंदुस्थानी होते. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांत मजूर हवे होते, म्हणून इंग्रजांनी करारावर आपल्याकडची माणसे नेली. सेंट लुशियात त्यांचे पहिले जहाज १८५९ मध्ये आले. मी विचारले, गाव कोणते? तो म्हणाला, “कलकत्ता.” कलकत्त्याहून जहाज सुटले होते, तेवढेच घराण्यात उरले. बंदराचे नाव राहिले, गावाचे गेले. अब्बांना कोणी विचारले की इतके जग पाहिलेत, तर ते म्हणायचे, “बंदरं पाहिली. गावं नाही पाहिली.” आम्हाला तो विनोद वाटायचा.

त्या रात्री केबिनवाला टॉवेल ठेवायला आला. टॉवेलाचा हत्ती करून पलंगावर बसवण्याची बोटीवर पद्धत आहे. हत्ती झाला तरी तो दाराशी घुटमळत राहिला. मग म्हणाला, “खाला, तुमचे अब्बा बोटीवर होते म्हणालात. मी घरी जाईन तेव्हा पोर सात महिन्यांची असेल. ती मला ओळखेल का?”

वीस वर्षे वर्गात उभी राहते आहे. उत्तर माहीत असूनही तोंड उघडले नाही, असे फार कमी वेळा झाले. मी म्हटले, “उद्या सांगते.”

पाचवा दिवस, शुक्रवार, बार्बाडोस. ब्रिजटाउन.

सकाळी आधी ह्यांचे तीर्थक्षेत्र, केन्सिंग्टन ओव्हल मैदान. २९ जून २०२४ ला इथेच भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. सूर्यकुमारने मिलरचा झेल घेतला ती सीमारेषा कोणती असेल, यावर ह्यांनी एका पहारेकऱ्याशी बराच वेळ चर्चा केली. याच बेटावर १९६२ मध्ये आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला चेंडू लागला, तेव्हा प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल याने त्याच्यासाठी रक्त दिले होते. १९७१ मध्ये याच मैदानावर दिलीप सरदेसाईंनी दीडशे केले आणि गावसकरने शतक ठोकले. माझ्या नवऱ्याला आमच्या निकाहची तारीख आठवायला वेळ लागतो, पण हे सगळे तोंडपाठ.

मैदानाच्या जवळच, केन्सिंग्टन न्यू रोडवर, जुमा मशीद आहे. या बेटावर सुरत जिल्ह्यातून आलेली गुजराती मुस्लिम कुटुंबे तीन-चार पिढ्यांपासून राहतात. त्यांचे वाडवडील गावोगाव फिरून उधारीवर कापड विकत आणि दर आठवड्याला थोडे थोडे पैसे गोळा करत. हे जुम्याला गेले, आणि मी जवळच्या एका कापडदुकानात थांबले. दुकानाच्या मालकीणबाई गुजराती-हिंदी मिसळून बोलत होत्या. त्यांनी आल्याचा चहा दिला. आपल्या सासऱ्यांनी सायकलवरून कापड विकून हे दुकान उभे केले असे सांगितले. घरापासून इतक्या दूर, अनोळखी घरात, तोच चहा, तसाच डोक्यावरून पदर ओढण्याचा हात. मी त्या दुकानातून एक लहानसा फ्रॉक घेतला. पिवळा, पांढऱ्या लेसचा.

जुम्यानंतर टॅक्सीने शहराबाहेरच्या चौकातला पुतळा पाहिला. हातातल्या साखळ्या तोडून आभाळाकडे पाहणारा माणूस. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी बंद झाली, पण खरी सुटका १८३८ मध्ये. त्याआधी १८१६ मध्ये या बेटावर बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली मोठे बंड झाले. लोक या पुतळ्याला बुसाच म्हणतात. सगळे कशासाठी, तर साखरेसाठी. आपण चहात घालतो त्या साखरेसाठी आफ्रिकेतून माणसे जहाजांच्या तळाशी साखळदंडांनी बांधून आणली. त्या माणसांचे आणि माझ्या अब्बांचे दुःख एका मापाचे नाही, आणि त्या केबिनवाल्या मुलाचे तर नाहीच. तो आपल्या मर्जीने करार करून आला आहे, परत जाणार आहे. पण या समुद्रावर नेहमी दोन प्रकारची माणसे राहिली आहेत. एक, जी समुद्र पाहायला येतात. दुसरी, ज्यांच्या मेहनतीवर पाहणाऱ्यांचे जहाज चालते. मी दुसऱ्या घरची मुलगी. यावेळी पहिल्या रांगेत बसून आले होते.

संध्याकाळी बंदरात परतलो. ब्रिजटाउनचे खोल पाण्याचे बंदर १९६१ मध्ये सुरू झाले, साखर थेट जहाजात भरता यावी अशी सोय करून. आज तिथेच क्रूझ लागतात. ह्यांना म्हटले, तुम्ही व्हा पुढे. धक्क्यावरच्या बाकावर बसले आणि मोबाईलवरचे ते पान काढले. ‘मे १९९१. ब्रिजटाउन. साखर. चार दिन. खत नहीं.’

मी दहा वर्षांची होते. आईला लिहिता येत नव्हते, म्हणून घरची पत्रे मी लिहायची. आई सांगायची, मी लिहायची, आणि शेवटी माझ्या मनाचे चार शब्द घालायची. त्या वर्षी अब्बा रमजान ईदला येतो म्हणाले होते. आले नाहीत. नवे कपडे घालून मी दोन दिवस एसटी थांब्यावर जाऊन उभी राहिले होते. मग मी रुसले. आईने तीनदा सांगितले, अब्बांना पत्र लिही. मी लिहिले नाही. आईला म्हटले, टाकले पेटीत.

ते पान मी कितीतरी वेळा वाचले होते, पण त्यातले शेवटचे दोन शब्द मला हिशेबाची नोंद वाटत होते. माल आला, पैसे गेले, खत नाही. चार दिवस या धक्क्यावर साखर भरत असताना तो माणूस रोज एजंटला विचारत असेल, टपाल आले का, हे पस्तिशी-चाळिशी ओलांडूनही माझ्या लक्षात आले नव्हते. बाकावरून उठण्यापूर्वी फातिहा पढले. दुसरे काय करणार?

शनिवारी बोट परतीच्या वाटेवर होती. दुपारी मुलगा आला तेव्हा त्याला बसवले. बसायला तयार नव्हता, म्हणून आम्ही दोघेही उभे राहिलो.

“ती तुला ओळखणार नाही,” मी म्हटले. “पहिल्या दिवशी तर नाहीच. रडेल, आईच्या खांद्यात तोंड लपवेल. तुझ्या काळजाला लागेल. मीही तसंच करायची. दर वेळी अब्बा आले की दोन-तीन दिवस मी त्यांना पाहुणेच समजायची. पण मग ओळख पटायची. ती पटतेच.”

तो खाली बघत होता. मी पुढे म्हटले, “आमचं चुकलं ते वेगळंच. अब्बांनी पैसे पाठवले, रेडिओ आणला, कापड आणलं, मला बी.एड. करवलं. पण काय पाहिलं, कसं वाटलं, हे कधी सांगितलं नाही. आणि आम्ही कधी विचारलं नाही. तू सांगत जा. तीन महिन्यांची असली तरी सांग. आज कोणतं बेट, पाणी कसं होतं, काय जेवलास. आणि घरी सांग, तिने बोलायला लागल्यावर तुला रोज काहीतरी सांगायचं. बकरी व्याली, पाऊस आला, काहीही.”

फ्रॉक त्याला दाखवला. म्हटले, “हा मी घेऊन जाते. तुझ्या आधी पोचेल.”

एक गोष्ट वाचकांना सांगायची राहिली. बोटीवर कर्मचाऱ्यांसाठी बक्षिसीची रक्कम दर दिवशी दर माणशी बिलात आपोआप लावतात. काही प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला सांगतात. रांगेत आपल्याकडचेही दिसले. कृपा करून तसे करू नका. शक्य असेल तर वरून थोडे हातात द्या, आणि बिल्ल्यावरचे नाव वाचून नावाने हाक मारा. हा फार मोठा पुण्याचा प्रकार नाही. साधी माणुसकी आहे.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही फेरीबोटीने खाडी ओलांडली. घर लगेच सापडले; नव्या स्लॅबवरून पाण्याची टाकी दिसत होती. मुलाची आई, बायको आणि ती छोटी. फ्रॉक फारच मोठा झाला. आजी म्हणाल्या, “राहू दे, बाप येईपर्यंत बरोबर होईल.” सुनेने सांगितले की तो आता रोज रात्री दोन मिनिटांचा आवाज पाठवतो. आज बोट कुठे आहे ते सांगतो. छोटी फोनला चाटायला बघते.

सोमवारी सातवीच्या वर्गात मी विचारले, कोणाकोणाचे अब्बा बोटीवर किंवा आखातात आहेत? चौतीसपैकी अकरा हात वर झाले. त्या दिवशी निबंधाऐवजी सगळ्यांनी अब्बांना पत्र लिहिले. ज्यांचे अब्बा घरीच असतात, त्यांनीही. काय लिहायचे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, जे रोज घडते तेच.

एका मुलाने एवढेच लिहिले: ‘अब्बा, आपल्या बकरीला दोन पिल्ले झाली. एक काळे आहे. तुम्ही आज काय जेवलात?’ मी त्याचे एक गुणाचेही शुद्धलेखन कापले नाही.